निफाडकरांचा सायलेन्सर

शशिकांत निफाडकर फोन उचलायचा तोच माफी मागत. "हॅलो, सॉरी हं, जरा वेळ लागला." दोनच रिंग वाजलेल्या असायच्या. इथे न्यूझीलंडमध्ये बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची पद्धत आहे. ती त्याला इतकी आवडली की तो चढतानाही म्हणायचा, आणि मग उतरताना आधीचं पुरेसं झालं नसेल या शंकेनं दोनदा. सुपरमार्केटात कुणाची ट्रॉली त्याच्या पोटरीवर आदळली, तर "सॉरी, सॉरी" हे पोटरीचा मालकच म्हणणार. त्याची बायको मृदुला म्हणायची, "शशी, तुला एखाद्या गाडीनं उडवलं ना, तर तू बॉनेटवर पडल्या पडल्या म्हणशील, 'सॉरी हं, तुमच्या काचेला डाग लागला.'"

यावर तो हसायचा. "काय करणार, सवय," म्हणायचा. आणि बायकोला हसवलं याबद्दलही त्याला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं.

माणूस मूळचा चिंचवडचा. कॉलनीत वाढलेला. इंजिनियर झाला, सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामाला लागला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या अगदी मऊ भाषेत कळवायच्या. त्यात तो पटाईत. दोन हजार तीन साली तिघं न्यूझीलंडला आले आणि ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुरात, घर भाड्यानं घेऊन राहिले. नोकरी लागली, तीन वर्षं चांगली चालली. मग कंपनीनं ऑफिस वेलिंग्टनला हलवलं आणि शशिकांतला घरी बसवलं. मॅनेजर म्हणाला, "व्हेरी सॉरी, मेट." शशिकांत म्हणाला, "नो नो, आय ॲम सॉरी."

तेव्हापासून घर मृदुलावर चाललं होतं. पुण्यात बारा वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली नर्स, पण इथली नोंदणी मिळेपर्यंत तिला नर्स म्हणवून घेता येत नव्हतं. ती एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर होती. आजोबांना उठवा, आजींना पुसा, चादरी बदला. एखाद्या आजोबांचा श्वास बिघडला की तिला दारातूनच कळायचं काय झालंय, पण करायचं एवढंच, की घंटा दाबायची आणि बावीस वर्षांच्या नर्सची वाट बघत उभं राहायचं. घरी येऊन ती चपला जोरात काढायची. त्या आवाजावरून शशिकांतला कळायचं, आज घंटा दाबावी लागली.

नोंदणीसाठीचा कोर्स हॅमिल्टनला होता आणि तो संपत आला होता. उरली होती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, जुलैतल्या एका सोमवारी, सकाळी आठला. एकदा ती चुकली होती, कारण त्याच आठवड्यात श्रियाला, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला, कांजिण्या आल्या. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी तारीख बदलून दिली, पण फोनवर सांगितलं, आणि ते मृदुला घरात त्यांच्याच नाकातल्या आवाजात करून दाखवायची: "मरूडूला, डिअर, या वेळी मला कारण नको, मला माणूस हवं. आठला मी दार लावते." दार लागलं की कोर्स पुन्हा पहिल्यापासून, पुढच्या वर्षीच्या तुकडीत. म्हणजे अजून एक वर्ष घंटा दाबणं.

आणि या सगळ्याच्या ऐन मोक्यावर गाडीचा सायलेन्सर गेला.

गाडी म्हणजे जपानहून आलेली जुनी फिकट हिरवी कोरोना. रेडिओ जपानी, त्यावर इथली दोनच स्टेशनं लागायची आणि दोन्हीवर गुरांचे भाव. सायलेन्सरला इथे मफलर म्हणतात. तो खालून गंजून चाळणीसारखा झाला आणि गाडी अशी डरकाळी फोडू लागली की शाळेच्या फाटकाशी श्रिया सीटखाली बसायची. "डॅड, ड्रॉप मी ॲट द डेअरी. प्लीज. इट्स हीप्स एम्बॅरसिंग." डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तिथून ती चालत जायची, या गाडीशी आपला काही संबंध नसल्यासारखी. गाडीच्या तपासणीत पोऱ्यानं खाली डोकावून नुसती मान हलवली. "येह, नाह." नापास. हा सायलेन्सर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. गॅरेजमध्ये नंबर लागत होता गुरुवारचा. परीक्षा त्याच्या आधीच्या सोमवारची. आणि हॅमिल्टनला पहिली बस पोहोचेपर्यंत नऊ वाजून जायचे.

हॅमिल्टनजवळ रोटोटुनाला त्यांच्या ओळखीचे राजाराम आणि नीलांबरी राहायचे, मुलगी सानिका श्रियाच्याच वयाची. राजाराम फोनवर नेहमी व्यासपीठावर असल्यासारखा बोलायचा. "शशिकांतराव! रविवारी संध्याकाळच्या बसनं या सगळे! राहा आमच्याकडे! सकाळी वहिनींना मी सोडतो, पाच मिनिटांचा रस्ता! सानिकाला श्रिया हवीच आहे, सुट्टी लागली आहे दोघींना!"

"नको रे, तुझे आईवडील आलेत. गादी पुरायची नाही. श्रियाला दिवसभर सोडतो सानिकाकडे, तेवढंच पुष्कळ आहे. आम्ही सकाळी गाडीनंच येतो, होऊन जाईल."

"गाद्या चार आहेत!"

"नको नको, कशाला त्रास."

मृदुला बाजूला उभी होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तो गाद्या मोजून दाखवत होता, शशी."

"बरं दिसत नाही गं ते."

तर आता सायलेन्सर बसवायचा शशिकांतनं, घरी. चिंचवडला असल्या कामाला 'माणूस' असायचा. नळ गळतोय, माणूस बोलवा. स्कूटर बंद, माणूस येईल. शशिकांतनं आयुष्यात पंक्चरसुद्धा काढलं नव्हतं. इथे आल्यावर त्याच्या हळूहळू लक्षात आलं की या देशात माणूस नावाचा माणूसच नाही. शनिवार-रविवारी जो तो आपापल्या ड्राइव्हवेत गाडीखाली पाय बाहेर काढून झोपलेला. त्यानं इंटरनेटवर शोधून नवा सायलेन्सर मागवला. दोन होते, एक साधा, मूळच्यासारखा, आणि एक स्टेनलेस स्टीलचा. स्टेनलेस म्हटल्यावर शशिकांतचा हात आपोआप तिकडेच गेला. ज्या घरात लग्नाचे डबे अजून चकचकीत आहेत, तिथे गंजणारी वस्तू कोण घेईल? खोकं उघडलं तेव्हा आत कळशीच्या तोंडाएवढं तोंड असलेलं चकाकतं प्रकरण निघालं. मृदुलानं ते बोटानं वाजवून बघितलं. "नाव कुठे घालायचं?" ती म्हणाली. "चि. शशिकांत यास सप्रेम भेट?"

शेजारी हेमी राहायचा. हेमी रस्त्याच्या कामावर होता, उंच, रुंद, भर जुलैत अर्ध्या चड्डीत, आणि त्याचं बहुतेक प्रत्येक वाक्य 'येह, नाह'नं सुरू व्हायचं: आधी तुमचं पटायचं, मग नाही पटायचं, आणि शेवटी 'एह' म्हणून तो ते तुमच्याच गळ्यात टाकायचा. रविवारी सकाळी खोकं बघून तो कुंपणावरून वाकला आणि त्याच्या माओरी भाषेत नमस्कार केला.

"किआ ओरा, शाशी. येह, नाह, एकट्यानं नको करूस, एह. माझ्या मुलीची नेटबॉलची मॅच आहे, दुपारी येतो. मग करू."

"नाही नाही, तुमचा रविवार. मी करतो. फक्त..." हा 'फक्त' काढायला त्याला सकाळपासून बळ गोळा करावं लागलं होतं. "फक्त एखादा पाना असेल तर."

हेमीनं पाना नाही, आख्खं गॅरेज आणलं. गाडी चढवायच्या दोन लोखंडी घसरगुंड्या, खाली लावायचे स्टँड, पान्यांची पेटी, तारेचा ब्रश, गंज सोडवायचं तेल. आणि बोट रोखून सांगितलं, हळू, वर्गात सांगतात तसं. "पुढच्या पाइपचं तोंड आहे ना, त्याच्यावरचा गंज पूर्ण काढ. पूर्ण. चमकलं पाहिजे. मग मधे ही चकती, मग बोल्ट. नाहीतर तिथून धूर मारेल. झालं की एक चक्कर मार, गरम होऊ दे, आणि मला हाक मार. हत्यारं तुझ्याकडेच राहू देत. आठवडाभर ठेव. ऑल गुड?"

"ऑल गुड," शशिकांत म्हणाला. "थँक्यू. सॉरी हं."

"सॉरी कशाला?" हेमीनं विचारलं, आणि ते त्याला खरंच कळलेलं नव्हतं.

शशिकांत गाडीखाली शिरला. वरून गंजाचे पापुद्रे डोळ्यांत, कानांत, सदऱ्यात. श्रिया बाजूला पाटावर बसून खोक्यातला कागद वाचत होती. "स्टेप वन. रिमूव्ह ओल्ड मफलर."

"पुढे?"

"दॅट्स इट. इट जस्ट सेज रिमूव्ह. लाइक इट्स ईझी."

जुने बोल्ट सुटायला दुपार झाली. शेवटचा सुटला तेव्हा सायलेन्सर अचानक निखळून त्याच्या छातीवर बसला आणि शशिकांत त्यालाही सॉरी म्हणाला. श्रिया हसून हसून पाटावरून पडली. आत मृदुला मोठ्यानं घोकत होती: आधी हात धुवायचे, मग पेशंटला नाव विचारायचं, मग मनगटावरचा पट्टा बघायचा. मधेच खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायची, "जमतंय का रे?"

"होतंय, होतंय!"

नवं धूड लटकवायला रबराच्या कड्या होत्या. त्या काही केल्या बसेनात. शेवटी त्यांना भांडी घासायचा साबण लावला तेव्हा त्या सुळकन बसल्या, आणि शशिकांतला आयुष्यात प्रथमच वाटलं की आपण 'माणूस' आहोत. तो पुढच्या पाइपच्या तोंडाकडे वळला. तारेचा ब्रश घेऊन गंज घासू लागला. अर्धी कड घासलेल्या कढईसारखी चमकू लागली. आणि त्यानं घड्याळ नाही, आभाळ बघितलं.

हिवाळ्यातला दिवस, ऊन समोरच्या छपरांवरून सरकत निघालेलं. पापाकुरातल्या त्या ड्राइव्हवेत, गाडीखाली, त्याच्या कानात चिंचवडचा आवाज आला. आईचा. कांचनताई निफाडकर, कॉलनीत प्रसिद्ध बाई. "शशी, दुसऱ्याची वस्तू दिवे लागायच्या आत परत. आणि रिकाम्या हातानं नाही." शेजारून विळी आणली, किसणी आणली, पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या आणल्या, तरी दिवेलागणीच्या आत शशी त्या घेऊन परत निघालेला असायचा. खुर्च्या डोक्यावर, हातात लाडवांची वाटी. एकदा पाहुणे खुर्च्यांवर बसलेलेच होते. आईनं त्यांना उठवून पलंगावर बसवलं होतं.

हेमी म्हणाला होता आठवडाभर ठेव. पण असं लोक म्हणतातच. म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. त्यानं उरलेल्या अर्ध्या कडेवर दोनचार हात मारले, मधे चकती घातली, 'घट्ट आवळलं की बसेल' असं स्वतःला सांगितलं, आणि जोर लावून बोल्ट आवळले. गाडी ढकलत खाली उतरवली. मग सुरू करून बघण्याच्या ऐवजी त्यानं हत्यारं पुसायला घेतली. एकेक पाना रॉकेलच्या बोळ्यानं, क्रमानं, पेटीत जसा होता तसा. पान्यांच्या पेटीवर चिवड्याचा डबा ठेवला आणि रस्त्यावरचे दिवे पेटायच्या आत तो हेमीच्या दारात उभा होता.

हेमी नुकताच आला होता. त्यानं पेटीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"चक्कर मारलीस?"

"हो हो. ऑल गुड."

"हाक का नाही मारलीस?"

"कशाला उगाच. तुम्हाला लागतील ना ही, उद्या सोमवार."

"मी डांबर टाकतो, ब्रो. पाने नाही लागत." हेमी हसला नाही. त्यानं पेटी आत ओढली, डबा घेतला. "बरं मग. गुड लक उद्यासाठी, मिसेसला सांग." आणि दार लागलं, सावकाश.

शशिकांत हलका होऊन घरी आला. मग त्यानं गाडी सुरू केली.

स्टेनलेसचा आवाज घुमणारा निघाला, रुबाबदार, ते एक वेळ ठीक. पण त्याच्या खाली दुसरा आवाज होता: फुस्स-फट्, फुस्स-फट्. जिथे अर्धी कड राहिली होती, बरोबर तिथून. हात जवळ नेला तर धुराचा गरम फवारा. बोल्ट पुन्हा काढायला हवे होते, कड पुन्हा घासायला हवी होती. हत्यारं पंधरा पावलांवर होती, कुंपणाच्या पलीकडे. हेमीच्या खिडकीत उजेड होता, आत टीव्हीवर रग्बीचा गलका.

तो कुंपणापर्यंत गेला. एक पाय पलीकडे टाकलाही. मग मनात वाक्य जुळवू लागला: सॉरी हं हेमी, मगाशी मी म्हणालो की चक्कर मारली, पण म्हणजे... वाक्य कुठूनही सुरू केलं तरी मधे 'खोटं' येत होतं. त्यानं पाय परत घेतला.

घरात तुपाचा रिकामा डबा होता. पुण्याहून आणलेली, दोन कांड्या एकत्र मळून लावायची लांबी होती. तिच्यावर कॉलनीतल्या तीन पिढ्यांच्या टाक्या आणि बादल्या टिकल्या होत्या. शशिकांतनं ती कणकेसारखी मळून सांध्याभोवती थापली, वर तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, तो तारेनं आवळला. आवाज थांबला. अगदी थांबला.

मृदुला शाल गुंडाळून बाहेर आली. "झालं? हेमीनं बघितलं का?"

"हो. ऑल गुड म्हणाला."

तिनं वाकून बघितलं. अंधारात काही दिसलं नाही. "मला उद्या काही नको हं, शशी. फक्त तिथे पोचायचंय."

"पोचणार ना. होऊन जाईल."

पहाटे ते निघाले. शशिकांत चालवत होता, मृदुला शेजारी डोळे मिटून ओठ हलवत होती, श्रिया मागे उशी घेऊन. पापाकुरा मागे पडलं, मोटरवे रिकामा, आणि पुढे बॉम्बे हिल्सचा चढ लागला. या टेकड्यांचं नाव ऐकून पहिल्या वर्षी त्यांनी फोटो काढून पुण्याला पाठवले होते. आज चढावर गाडीला जोर लागू लागला तसा शशिकांतच्या नाकाला वास आला. आधी जळक्या प्लॅस्टिकचा. मग खमंग. तूप.

त्यानं खिडकी बोटभर खाली केली.

"डॅड," मागून श्रिया म्हणाली, "माय हेड फील्स रिअली यक."

मृदुलाचे डोळे उघडले. नर्सचे डोळे. तिनं एकदा श्वास आत घेतला आणि आवाज बदलला. हा आवाज शशिकांतनं पुण्यात ऐकला होता, हॉस्पिटलच्या जिन्यात. "धूर आत येतोय. सगळ्या खिडक्या खाली. आत्ता. श्रिया, डोकं बाहेर काढ, मोठे श्वास घे. शशी, थांबव."

"पुढे वरती पंप आहे, तिथे..."

"थांबव म्हटलं ना!"

तोवर खालून खण् असा आवाज आला आणि मग डांबरावर लोखंड घासत चालल्याची किंचाळी. पाइप सुटून जमिनीला लागला होता. तसेच खुरडत ते चढावरच्या पेट्रोलपंपात शिरले. मृदुलानं श्रियाला बाहेर काढून बाकावर बसवलं, डोळे बघितले, नखं बघितली, नाव-वार-शाळा विचारलं. गार हवेत पाचदहा मिनिटांत मुलगी ताळ्यावर आली आणि हॉट चॉकलेट मागू लागली. तेव्हा मृदुलानं गाडीखाली बघितलं. काळा पडलेला पत्रा लोंबत होता, त्यावर गाईचं चित्र.

"हे हेमीनं केलं?"

शशिकांत रुमालानं हात पुसू लागला.

"शशी, हे हेमीनं बघितलं होतं?"

"त्याला कशाला पुन्हा..."

तिनं हात वर केला. पुरे. "आता मला पोचव. कसंही. टॅक्सी बघ, कोण हॅमिल्टनला जातंय ते विचार. तासाभराचा रस्ता आहे, अजून जमेल."

तो धावतच दुकानात गेला. काउंटरशी दोघं उभे होते, आणि एक ट्रकवाला पाय घेऊन मागून आला. अंगाचा पाय नव्हे, इथला 'पाय', सारण भरलेल्या खारीसारखा, आणि तो हातात गरम होता म्हणून ट्रकवाला नाचत होता. "यू गो, यू गो," शशिकांत म्हणाला आणि बाजूला झाला. मग एक बाई आली, तिच्या कडेवर मूल. "प्लीज," शशिकांत म्हणाला. काचेच्या पलीकडून मृदुला बघत होती. बायको दोन वर्षं ज्या दारासाठी धडपडली ते दार बंद व्हायला आलंय, आणि नवरा रांगेत मागे मागे सरकतोय.

ती आत आली. "फोन."

"मी विचारतोच आहे, फक्त यांचं..."

"इकडे दे फोन."

"हेमीला नको गं, सोमवार आहे, त्याला कामावर..."

तिनं त्याच्या खिशातून मोबाइल काढला. "हेमी? मृदुला बोलतेय. मला मदत हवी आहे. आत्ता." एवढंच. सॉरी नाही, काही नाही. पलीकडून येह आला, नाह आला नाही. तिनं मोबाइल परत त्याच्या हातात ठेवला.

हेमी आला तेव्हा त्याच्या अंगात झोपायचा सदरा होता आणि पायांत काहीच नव्हतं. मृदुला त्याच्या ट्रकवजा गाडीत चढली. हेमीनं लोंबणारा पत्रा बघितला, मग शशिकांतकडे. "तू म्हणालास चक्कर मारली."

"सॉरी, हेमी. मी..."

"मी परत मागितली होती का हत्यारं?" तो ओरडत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू पुसून आणलीस. रांगेनं लावून. वर खाऊ. माझ्या बायकोला मी म्हटलं, बघ, आपलं भाड्यानं वस्तू द्यायचं दुकान आहे, एह." आणि तो गेला. खाली हॅमिल्टनकडे, वाइकाटोच्या बाजूला धुकं भातासारखं दाटून बसलं होतं. गाडीचे मागचे दिवे त्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

शशिकांत आणि श्रिया बाकावर बसले. श्रियानं हॉट चॉकलेट प्यायलं, वरचा फेस बोटानं खाल्ला. "डॅड, इज हेमी मॅड ॲट अस?"

"माझ्यावर."

"बट यू गेव्ह हिम चिवडा."

त्यानं मनात मोजून पाहिलं, इथे आल्यापासून हेमीनं आपल्याला किती काय दिलं. प्रत्येक वेळी आपण त्याच दिवशी काहीतरी उलटं नेऊन दिलं. मासे दिले, शंकरपाळे. बटाटे दिले, लोणचं. त्याला वाटायचं, आपण किती नीट वागतो. त्या बाकावर त्याला पहिल्यांदा दिसलं की पलीकडून ते कसं दिसत असेल: एक माणूस, जो तुमच्याकडे काहीच राहू देत नाही. आणि त्याचं नीट वागणं कुणी भरलं? इतकी वर्षं डबे भरले तिनं, तळलं तिनं, आणि आजही.

फोन वाजला. त्यानं पहिल्या रिंगलाच उचलला.

"दार लागलं होतं," मृदुला म्हणाली. "धुक्यात पुढचा ट्रक वीसनं चालला होता. मी काचेवर वाजवलं. बाई बाहेर आल्या. चांगल्या बोलल्या. पण पेशंट आत बसला होता, दुसऱ्या मुलीची परीक्षा सुरू झाली होती." पलीकडे हेमीनं गाडी सुरू केल्याचा आवाज आला. "फेब्रुवारीत नवी तुकडी आहे. पहिल्यापासून. राजारामला फोन कर, सानिका वाट बघत असेल. आम्ही निघतोय."

"मृदुला, मी..."

"आत्ता नको," ती म्हणाली.

ते परत आले तेव्हा धुकं विरलं होतं. हेमी मागून जॅक आणि स्टँड काढू लागला, गाडी उचलली, स्टँड लावले, आणि अनवाणीच खाली शिरला. मृदुला बाकाकडे गेली. श्रियानं विचारलं, "डिड यू पास, आई?"

"नाही बाळा. उशीर झाला."

"बिकॉज ऑफ द कार?"

मृदुलानं तिच्या केसांवरून हात फिरवला. शशिकांतला वाटलं, आता ती हो म्हणेल आणि ते सोपं जाईल. ती म्हणाली, "गाडीचं काय, गाडी लोखंड आहे."

"शाशी," खालून हेमीचा आवाज. "इकडे ये. पाइप धर. मी गंज काढतो."

शशिकांत परीक्षेसाठी घातलेल्या इस्त्रीच्या सदऱ्यासकट ओल्या काँक्रीटवर आडवा झाला आणि आत सरकला. हेमीनं तोंड घासायला घेतलं. खर्र, खर्र. पाइप जड होता आणि उताणं पडून वर तोलून धरायचा म्हणजे हात खांद्यातून कापू लागतात. हेमीला घाई नव्हती. त्याला कड पूर्ण हवी होती.

"जड आहे?" त्यानं विचारलं.

जिभेवर 'नो नो, ऑल गुड' तयारच होतं. शशिकांतनं ते गिळलं. ते गिळायला पाइप धरण्यापेक्षा जास्त जोर लागला.

"हो," तो म्हणाला. "जड आहे. हात गेलाय माझा. मला खाली टेकवायला काहीतरी पाहिजे."

हेमीचे दोन्ही हात गुंतले होते. "मागे गाडीत लाकडाचा ठोकळा आहे, एह. कुणाला तरी सांग."

"मृदुला!" शशिकांत ओरडला. पेट्रोल भरणारे दोघं वळून बघू लागले. "मृदुला, मला ठोकळा दे! गाडीतला! मला जमत नाहीये!"

मग गाडीचं मागचं फळकूट उघडल्याचा आवाज आला. खालून त्याला फक्त पाय दिसले, पांढरे नवे बूट, सावकाश येणारे. ते त्याच्या डोक्याशी थांबले. एका बुटानं ठोकळा काँक्रीटवरून सरकवत, सरकवत, त्याच्या कोपराखाली आणला.

"वर उचल," ती म्हणाली. "अजून. हं. आता टेकव."